सर्जेरावाच्या घरी ठेवलेलं बी

कुंभार पिंपळगावच्या शिवारात कडूबाला लहानथोर सगळे एकेरीतच हाक मारतात. मी समोर मामा म्हणते. पण लिहिताना 'कडूबामामा आले, कडूबामामा बसले' असं करत राहिले तर तो माणूस माझ्या हातातून निसटेल, म्हणून इथे कडूबाच. मी जालन्याला एका संशोधन केंद्रात पिकांच्या रोगांवर काम करते. आमचे वडील कुणी विचारलं की सांगतात, "आमची कल्याणी मेलेली झाडं सांभाळते." त्यात फारसं खोटं नाही.

काही वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या मरीचे नमुने गोळा करत मी घनसावंगी तालुक्यात फिरत होते. सकाळची वेळ होती आणि एक उंचापुरा माणूस ओलं फडकं हातात घेऊन हरभऱ्यातून चालत होता. हरभऱ्याच्या पाल्यावर रात्री आंबट दव धरतं, त्याला आंब म्हणतात. पहाटे फडकं फिरवून ती पिळून घेतात आणि पोटदुखीवर देतात. मी बांधावरून विचारलं, "मामा, मर लागलेली झाडं आहेत का?"

"मर पाह्याची? मंग चुकीच्या वावरात आल्या ताई. हितं मर न्हाई. बाजूच्यायला विचारा." आणि नमुना राहिला बाजूला, आंबेची एक बाटली माझ्या हातात आली. घेतलीच पाहिजे असा त्याचा आवाज होता. कडूबाचा आवाजच तसा आहे, सहज बोलला तरी भांडतोय असं वाटतं.

मर म्हणजे काय ते सांगते. जमिनीतली एक बुरशी मुळातून झाडाच्या आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत ठाण मांडते. झाड काल हिरवं असतं, आज मान टाकतं, आणि थोड्याच दिवसांत वाळतं. उपटून पाहिलं तर मूळ बाहेरून धडधाकट दिसतं. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ सापडते. एकदा ही बुरशी जमिनीत बसली की वर्षानुवर्षे हलत नाही.

कडूबाच्या वावरात ती बसलेलीच होती. तरुणपणी त्याचा अख्खा हरभरा सलग काही वर्षं गेला. मग कुठून तरी त्याला एका नव्या वाणाची पिशवी मिळाली. त्याच आजारी जमिनीत ते बी उगवलं, वाढलं, घाट्यांनी लगडलं. कडूबानं वाणाचा नंबर विसरून टाकला आणि त्याला 'बिनमरीचा' म्हणायला लागला. त्या दिवसापासून हा माणूस बिनमरीच्याचा प्रचारक झाला. कुणाच्या वावरात मर लागल्याचं कानावर आलं की हा पायलीभर बी घेऊन त्याच्या दारात हजर. पैसे घ्यायचा नाही. मुलीला, आकांक्षाला, भोकरदनकडे पिंपळगाव रेणुकाईला दिली, तेव्हा रुखवतात भांड्यांच्या शेजारी बिनमरीच्याची एक थैली होती. आणि बी देताना प्रत्येकाला एकच सांगायचा, "ह्याला मर लागली तं कडूबाचं नाव बदला."

एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा जिवलग असावा तर सर्जेराव, हे मला नेहमी गमतीचं वाटायचं. दोघांच्या वावरांत एक बांध. सर्जेराव बारीक अंगाचा, बोलायला जड. हो म्हणायचं असेल तर मान हलवणार आणि नाही म्हणायचं असेल तर तंबाखू मळणार. दरसाल घाटे भरले की कडूबा बांधाच्या कोपऱ्यात हुळ्याची, म्हणजे भाजलेल्या ओल्या हरभऱ्याची, पंगत घालायचा. आसपासच्या चार गावांतली माणसं यायची. डहाळे जाळात धरून घाटे भाजायचं काम सर्जेरावाचं. कडूबा गप्पा मारायचा, सर्जेराव हात भाजून घ्यायचा. मीही दोनदा त्या पंगतीला गेले आहे.

या दोघांची एक रीत होती, त्यांच्या बापांपासून चालत आलेली. मळणी झाली की कडूबाचं बियाण्याचं पोतं सर्जेरावाच्या घरी जायचं आणि सर्जेरावाच्या ज्वारीचं बी कडूबाच्या कोठीत यायचं. पेरणीला ज्यानं त्यानं आपलं परत न्यायचं. मी कारण विचारलं तर कडूबाची बायको नंदाबाई हसत म्हणाली, "घरात असलं तं आम्ही खाऊन बसतो ना मॅडम. पाव्हणा आला, डाळ न्हाई, की हात तिथंच जाते. दुसऱ्याचं असलं की हात लावायची हिंमत होत न्हाई." मला हे फार आवडलं होतं. बियाणं साठवण्याच्या आमच्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढं शहाणपण नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी वैशाखात सर्जेरावाच्या मुलाचं, मिथुनचं लग्न झालं. गावपंगत झाली. बुंदी झाली. त्या वेळी कडूबाचं पोतं नेहमीप्रमाणे सर्जेरावाच्या घरात, माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत होतं. दसऱ्यानंतर ते कडूबाकडे आलं, पेरलं गेलं, हरभरा फुलावर आला. आणि हुळ्याच्या कोपऱ्यापासून झाडांनी माना टाकायला सुरुवात केली.

कडूबानं आधी पाण्याला दोष दिला, मग थंडीला. मग एका सकाळी त्यानं एक झाड उपटून चाकूनं खोड चिरलं आणि आत ती काळी रेघ पाहिली. नंदाबाई सांगते, तो बांधावर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. हे तिला झाड वाळण्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटलं. बिनमरीच्याला मर लागू शकते हे त्याच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. मग उरलं काय? हे बिनमरीचं नव्हतंच. बी बदललं. आणि बी होतं कुणाकडे?

पुढचा बाजार कुंभार पिंपळगावला भरला तेव्हा सर्जेराव भाजी घ्यायला आला होता. भर बाजारात कडूबानं त्याला गाठलं. "माझ्या बियाची बुंदी केली! पोराच्या लग्नात गावाला खाऊ घातली, आन पोत्यात आडतीवरला हरभरा भरून ठेवला! चाळीस वर्सं तुझ्या घरी बी ठेवलं रे म्या!"

माणसं जमली. सर्जेरावाच्या हातात मेथीची जुडी होती. तो म्हणाला, "कडूबा, म्या पोतं उघडलंच न्हाई." एवढंच. आणि जुडी घेऊन निघून गेला.

गावाला काय, करमणूकच हवी असते. त्या आठवड्यापासून सर्जेरावाला मागून 'बुंदी' म्हणायला लागले. मिथुनच्या नव्या नवरीला नळावर बायका विचारायच्या, लग्नात बुंदी गोड झाल्ती का गं? मला हे नंतर कळलं आणि माझं डोकं फिरलं. अजूनही आठवलं की फिरतं.

जानेवारीत कडूबा आमच्या केंद्रात आला. एका हातात वाळलेलं झाड आणि दुसऱ्या हातात फडक्याची पुरचुंडी. त्या पोत्यातलं पेरून उरलेलं मूठ-दोन मूठ बी त्यानं पुरावा म्हणून बांधून ठेवलं होतं. माझ्या टेबलावर ते आपटून म्हणाला, "हे बी बिनमरीचं न्हाई, असं बराबर लिहून द्या. शिक्क्यासकट. मला ते पारावर वाचून दाखवायचं."

"आणि असलं तर?" मी विचारलं.

"न्हाईच."

"मामा, तपासून घ्यायला आलात की शिक्का घ्यायला?"

त्यानं पुरचुंडीची गाठ आणखी आवळली. मीही जरा चढ्या आवाजातच बोलले होते. मग म्हटलं, तपासू. पण मला आणखी एक बी लागेल, जे या वर्षी सर्जेरावाच्या घरी राहिलेलं नाही. कडूबानं विचार केला आणि आकांक्षाचं नाव घेतलं. तिच्या रुखवतातल्या थैलीपासून तिच्या सासरी तेच बी दरसाल जपलं जातं. दोन दिवसांत पिंपळगाव रेणुकाईहून बी आलं.

आमच्या केंद्रात एक वाफा आम्ही मुद्दाम आजारी ठेवला आहे. मरीनं मेलेली झाडं दरवर्षी त्यातच गाडायची, म्हणजे जुनी बुरशी जिवंत राहते आणि नवीन वाण तिच्यावर पारखता येतात. वडील म्हणतात ते हेच. या वाफ्यातली माती मी काही कुंड्यांत भरली आणि बाकीच्या कुंड्यांत कडूबाच्या वावरातली, हुळ्याच्या कोपऱ्यातली माती भरली. दोन्ही मातींत तीन प्रकारचं बी लावलं: पुरचुंडीतलं, आकांक्षाचं आणि बाजारातला साधा हरभरा, जो मरीपुढे कधीच टिकत नाही. प्रत्येक कुंडीवर कडूबाच्या हातानं खूण करून घेतली. नाहीतर उद्या तो माझ्यावरही बुंदीचा आळ घ्यायचा.

महिन्याभरानं मी त्याला बोलावलं. आधी काही सांगितलं नाही, कुंड्यांसमोर नेऊन उभं केलं.

आमच्या जुन्या आजारी मातीत बाजारचा हरभरा वाळून काडी झाला होता. आकांक्षाचं बी हिरवंगार उभं होतं. आणि त्याच्या शेजारी पुरचुंडीतलं बीही तितकंच हिरवंगार उभं होतं. कडूबानं खाली बसून आपली खूण पाहिली, बोटानं पुसून पाहिली, परत पाहिली.

"हे बिनमरीचंच हाय," तो म्हणाला.

"आता ह्या बाजूला बघा."

त्याच्या वावरातल्या मातीत तिन्ही वाळले होते. आकांक्षाचंसुद्धा.

"बी तेच आहे मामा. दुष्मन बदललाय."

त्याला समजेल असं सांगायला मला बराच वेळ लागला, कारण आम्हालाही ते सगळं हाती लागलेलं नाही. टोमॅटोतल्या अशाच बुरशीचं कोडं बरंचसं सुटलं आहे, हरभऱ्याचं अजून चाललंय. पण गोष्ट साधारण अशी. बुरशी झाडात शिरते तेव्हा झाडाला दुबळं करायला आपल्या अंगातून काही बारीक पदार्थ सोडते. ती तिची हत्यारं, आणि ती कशी घडवायची हे तिच्या जनुकांत असतं. बिनमरीच्यासारख्या झाडाच्या जनुकांत एक राखणदार असतो. तो या हत्यारांपैकी एखादं ओळखतो. ते दिसलं रे दिसलं की झाड त्या जागची वाट बंद करून टाकतं, गरज पडली तर आपल्या अंगाचा तेवढा भाग मारून टाकतं, पण बुरशीला पुढे जाऊ देत नाही. पण हा राखणदार तेवढी एक खूणच ओळखतो. उद्या त्या बुरशीतल्या एखादीनं ते हत्यार टाकून दिलं, किंवा त्याचा घाट जरासा बदलला, तर ती त्याच्या समोरून आत जाते आणि त्याला पत्ता लागत नाही.

"म्हंजे झाड झोपल्तं?" कडूबानं विचारलं.

"नाही. जागंच होतं. ओळखलं नाही त्यानं."

त्यानं वाळलेलं एक रोप उपटून पाहिलं. मग म्हणाला, "आन ही नवी आणली कोणं?"

कुणी आणलीच असेल असंही नाही. तिथेच जमिनीत एखादी बदलली असेल. हुळ्याला आलेल्या कुणाच्या चपलेच्या चिखलातून आली असेल. मर कोपऱ्यातून सुरू झाली म्हणून मला ती शंका होती, पण शंकेला पुरावा नाही. कडूबा पुन्हा पुन्हा विचारत राहिला, कोणं आणली, गेल्या साली हुळ्याला कोण आल्तं, शेजारच्या गावचा रखमाजी आल्ता का? मला चीड आली. एक सर्जेराव सुटला नाही तोवर हा दुसरा शोधायला निघाला.

मी जरा कडकच बोलले. म्हटलं, नाव हवंच असेल तर तुमचंही घ्यावं लागेल. साऱ्या शिवारात तुम्ही एकच बी वाटलं. जिकडे पाहावं तिकडे तोच एक राखणदार. मग जिला तो ओळखतो ती बुरशी उपाशी मेली आणि जिला ओळखत नाही तिला सगळा शिवार मोकळा मिळाला.

"म्हंजे म्या चांगलं बी वाटलं हे वाईट केलं?"

"बी चांगलंच होतं मामा. पण ते एकटंच होतं."

हे बोलल्यावर मला वाईट वाटलं, कारण त्याचा चेहरा उतरला. ज्या बियावर त्यानं आपलं नाव लावलं, त्यानंच त्याला तोंडघशी पाडलं होतं, आणि त्या बियाचाही काही दोष नव्हता. कुणावर रागवावं हेच त्याला समजेना. थोड्या वेळानं त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "ही हिरवी कुंडी नेऊ का?"

मी दिली. आणि एक काम सांगितलं. वाळलेल्या वावरात जी थोडी झाडं उभी राहिली असतील, ती वेगळी काढा, त्यांचं बी जिवापाड जपा. मेलेल्यांच्या मधोमध जे जगलं, त्याच्याकडे कदाचित या नव्या दुष्मनाला ओळखणारा राखणदार असेल. अर्धं मला द्या, मी इथे ठेवते.

"न्हाई ताई. माझं बी सर्जेरावाकडंच जाते. ते तिथंच जाईन."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस भानावर आला.

हरभरा निघाल्यावर मी गेले तेव्हा कडूबा वाटच पाहत होता. उभ्या राहिलेल्या झाडांचं बी ओंजळभर निघालं होतं. एका कापडी पिशवीत ते भरून, ती कुंडी काखेत मारून तो सर्जेरावाच्या घरी निघाला आणि मला म्हणाला, तुम्ही चला. आधीच्या बाजारात तो त्याच जागी उभा राहून ओरडून आला होता, "चूक माझी व्हती, सर्जेरावानं काही केलं न्हाई." लोकांनी 'बरं बरं' केलं. सर्जेरावाचं 'बुंदी' हे नाव मात्र तसंच राहिलं.

सर्जेराव ओट्यावर बसून दोर वळत होता. त्यानं मला मान हलवून 'या' म्हटलं. कडूबानं कुंडी त्याच्यासमोर ठेवली. हरभरा आता वाळत आला होता, पण घाटे धरून.

"सर्जेराव, बी बराबर व्हतं. बदललं न्हाई. ह्या ताईनं मला डोळ्यानं दाखवलं."

"मला काहून सांगून राह्यला? मला ठाऊकच व्हतं."

"चुकलं माझं."

सर्जेरावानं दोर बाजूला ठेवला. त्याला इतकं बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. "कुंडीतलं रोप उभं राह्यलं म्हणून तू आला. ते वाळलं असतं तं?"

कडूबानं कुंडी जराशी आपल्याकडे ओढली.

"भर बाजारात तुला सांगितल्तं, पोतं उघडलं न्हाई म्हणून. तेवढं तुला पुरलं न्हाई. मातीचं बोलणं पुरलं." त्यानं दोर पुन्हा हातात घेतला. "पोराच्या लग्नात डाळ कमी पडल्ती. बायको म्हणे, कडूबाभाऊजीचं पोतं हाय, घेऊ दोन पायल्या, मंग भरून ठेवू. म्या तिला त्या खोलीत जाऊ दिलं न्हाई. घनसावंगीहून डाळ आणली. ते तुला सांगणार व्हतो, हसत हसत. राहून गेलं."

कडूबानं पिशवी पुढे केली. "हे औंदाचं हाय. तुझ्याकडं ठेव."

सर्जेरावानं पिशवीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. "तुझ्या घरी ठेव. आन तुझ्या कोठीत माझी पेरून उरलेली ज्वारी हाय. ती बदलली का म्हणून मी एकदा तरी पाह्याला आलो का? ती आणून दे."

आम्ही परत आलो. कडूबानं कोठी उघडली, ज्वारीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि एकटाच पुन्हा गेला. नंदाबाई रडत होती. तो आल्यावर मी पुन्हा म्हटलं, निम्मं बी तरी केंद्रात ठेवू द्या. तो म्हणाला, "आता कोणाच्याच घरी न्हाई ताई." कोठीच्या वर, खुंटीला त्यानं ती पिशवी टांगली.

दसऱ्यानंतर पेरण्या सुरू झाल्या तसा मी त्याला फोन केला. उचलला नाही, म्हणून गाडी काढून गेले. कडूबाचं वावर नांगरून तसंच पडलं होतं. बांधाच्या पलीकडे सर्जेरावाची ज्वारी उगवून आली होती. घरी गेले तर खुंटी रिकामी होती.

"ती पिशवी कुठे आहे?"

नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. "अक्षय तृतीयेला जावई आल्ते मॅडम, न सांगता. आंबे व्हते घरात, पुरणाला डाळ न्हाई. ह्यायला काय मी विचारलं न्हाई. म्हटलं आपलंच तं हाय."

मला संताप आला. मेलेल्या वावरात जगलेली ती ओंजळ मी इतके महिने मनात धरून होते. मी काही तरी लागेल असं बोलणार होते, पण कडूबा ओट्यावर बसलेला दिसला. त्यानं आमचं सगळं ऐकलं होतं. आवाज न चढवता बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"सर्जेरावाकडं असतं तं राह्यलं असतं," तो म्हणाला.